यंत्रांचा दुभाष्या



वसंतातल्या या व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भरदार विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने माझा विषय आकाराने फारच लहान आहे. कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये घालावयाचे मेमरी कार्ड आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यांतील मायक्रो-एसडी हे कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असते. मला बोलावयाचे आहे ते प्रामुख्याने या कार्डाविषयीही नाही. ते ज्या खाचेत बसते त्या खाचेशी संगणकाने कसे बोलावे, हे सांगणाऱ्या काही हजार ओळींच्या आज्ञावलीविषयी मी बोलणार आहे. तिला ड्रायव्हर म्हणतात. विषय लहान खरा. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूशी कसे बोलावे, हे ज्ञान कोणाच्या मालकीचे असावे, हा तो प्रश्न होय.

प्रथम कार्ड म्हणजे काय ते पाहू. तोशिबा या जपानी कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची कल्पना विद्वानांपुढे मांडली, आणि आज कार्डांत वापरला जाणारा नॅन्ड नावाचा प्रकार १९८७ मध्ये मांडला. विजेचा सूक्ष्म भार चोहोबाजूंनी निरोधक असलेल्या कोठडीत कोंडून ठेवावयाचा, म्हणजे बाहेरची वीज बंद केली तरी तो तेथेच राहतो, हे तिचे तत्त्व. कोठडीत भार आहे की नाही, असल्यास किती, यावरून आकडा वाचावयाचा. मात्र पुसावयाचे झाल्यास एकेक कोठडी पुसता येत नाही; आळीच्या आळी एकदम पुसावी लागते. हे पुसणे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि 'फ्लॅश' हे नाव रूढ झाले.

या स्मृतीची कार्डे करण्याची मग जणू चढाओढच लागली. १९९४ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश, १९९५ मध्ये स्मार्ट मीडिया, १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड, १९९८ मध्ये सोनीचे मेमरी स्टिक, १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तिघांचे एसडी कार्ड, आणि २००२ मध्ये ऑलिम्पस व फुजीफिल्म यांचे एक्सडी. प्रत्येकाची ठेवण निराळी, खाच निराळी. यांपैकी एसडी टिकले. बाकीचे बहुतेक मागे पडले. २०१० मध्ये सोनीनेही आपल्या कॅमेऱ्यांत एसडीला जागा दिली.

आता कार्ड खाचेत घातले की संगणकाला त्यातले छायाचित्र आपोआप दिसते असे आपणांस वाटते. वस्तुतः येथे तीन पात्रे असतात. एक संगणक, दुसरे कार्ड, आणि या दोघांमध्ये बसलेली रीडरची चिप. चिप आणि कार्ड यांची एक भाषा असते. संगणक आणि चिप यांची दुसरी. संगणकाला या दोन्ही भाषांत काय म्हणावयाचे ते शिकविणारा जो दुभाष्या, तोच ड्रायव्हर. तो नसला तर कार्ड चांगले, खाच चांगली, संगणकही चांगला, आणि तरीही तिघे एकमेकांकडे पाहत मुकाट्याने बसून राहतात.

हे संभाषण कसे चालते ते थोडक्यात सांगतो. समोर कोण आले आहे हे ठाऊक नसल्यामुळे आरंभी घड्याळ मंद ठेवावयाचे. सेकंदाला ४ लाख ठोक्यांहून अधिक नाही. मग शून्य क्रमांकाची आज्ञा द्यावयाची: सर्व विसरून मूळ स्थितीवर ये. नंतर आठ क्रमांकाची: एवढा विद्युद्दाब तुला मानवतो काय, आणि मी पाठवितो तो आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखव. नंतर एक्केचाळीस क्रमांकाची आज्ञा, कार्ड 'तयार आहे' असे म्हणेपर्यंत पुनःपुन्हा. मग कार्डाने आपली ओळख द्यावयाची. एवढे उपचार झाले की घड्याळ सेकंदाला अडीच कोटी ठोक्यांपर्यंत नेता येते, आणि सतरा क्रमांकाची आज्ञा देऊन ५१२ बाइटांचा एकेक तुकडा मागविता येतो. प्रत्येक आज्ञा ४८ बिटांची. त्यांत ६ बिट आज्ञेच्या क्रमांकाचे, ३२ बिट पत्त्याचे किंवा तत्सम मजकुराचे, ७ बिट वाटेत काही बिघडले नाही ना हे ताडून पाहण्याचे, आणि उरलेले आदिअंताचे व दिशेचे.

यात अवघड असे काही नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. एखाद्या कचेरीत शिरताना कोणत्या खिडकीपाशी काय विचारावयाचे, त्याची ही यादी आहे. परंतु ती यादी भिंतीवर लावलेलीच नसेल, तर हुशार माणूसही दारातून परत फिरतो.

या बाबतीत रीडरांचे दोन वर्ग पडले. जो रीडर यूएसबीच्या तारेने जोडावयाचा, त्याची साठवणीची भाषा सर्वांसाठी एकच ठरलेली होती आणि तिचे नियम छापून सर्वांना खुले होते. त्यामुळे एकच ड्रायव्हर निरनिराळ्या कंपन्यांच्या रीडरांना पुरला. परंतु लॅपटॉपच्या अंगातच जी खाच बसविलेली असे, तिच्यामागची चिप आतल्या आत, यूएसबीखेरीज दुसऱ्या मार्गाने जोडलेली असे. विनबॉन्ड, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, रिको, जेमायक्रॉन अशा अनेक कंपन्यांच्या त्या चिपा. विंडोजसाठी लागणारा ड्रायव्हर त्यांच्याकडून तयार स्वरूपात मिळे. मात्र भाषेचे कागद मिळत नसत. परिणाम असा की, लिनक्स वापरणाऱ्याच्या लॅपटॉपला खाच असूनही ती निकामी असे.

कागद का मिळत नसत, हेही समजून घेतले पाहिजे. एसडी कार्डाचे नियम ठरविणारी एसडी असोसिएशन ही संस्था जानेवारी २००० मध्ये स्थापन झाली. तिचे आरंभीचे नियमग्रंथ गुप्ततेचा करार करणाऱ्यासच मिळत. आता मुक्तस्रोत ड्रायव्हर म्हणजे काय? ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, सुधारता आणि वाटता येते असा. तेव्हा ज्याने गुप्ततेचे वचन दिले, त्याने मुक्तस्रोत ड्रायव्हर लिहिणे म्हणजे वचनभंगच. यातून सरळ वाट निघत नव्हती. शिवाय एसडी या नावातील 'एस' म्हणजे 'सिक्युअर', सुरक्षित. संगीताच्या नकला होऊ नयेत म्हणून या कार्डात कुलपाची एक सोय ठेवली होती, आणि तिच्याभोवतीची गुप्तता साऱ्या कार्डाभोवती पसरली.

गुप्ततेच्या कराराशी पडलेली ही गाठ पहिली नव्हती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर छपाईयंत्रसंच आला. त्यात कागद अडकला की तशी सूचना सर्वांना मिळावी, एवढीच सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. जुन्या यंत्रात ती त्यांनी केलीही होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली ज्याच्याजवळ होती, त्या दुसऱ्या विद्यापीठातील माणसाकडे त्यांनी ती मागितली. तो म्हणाला, न देण्याचे वचन मी दिलेले आहे. या नकाराने स्टॉलमन फार अस्वस्थ झाले. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ मध्ये त्या आज्ञावलींचा सार्वजनिक परवाना प्रथम प्रसिद्ध झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्सचा गाभा याच परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे.

कागद नसताना दुभाष्या घडवावयाचा कसा? परक्या मुलखात कोश किंवा व्याकरण हाती नसताना माणूस भाषा शिकतो तसाच. तो लोकांचे बोलणे ऐकतो आणि पुढे काय घडते ते पाहतो. चिपमध्ये काही ठरावीक रकाने असतात. एका रकान्यात आज्ञेचा क्रमांक लिहावयाचा, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात उत्तर उमटते. कंपनीचा ड्रायव्हर काम करीत असताना हे रकाने कसे पालटतात याची टिपणे ठेवावयाची. कार्ड काढले की कोणता बिट बदलतो? कार्डाच्या कडेची खिट्टी सरकविली की कोणता? अनुमान करावयाचे, पडताळावयाचे, चुकले की पुन्हा बसावयाचे. हे काम चिकाटीचे आहे. चुकीचा विद्युद्दाब दिला तर कार्डच जळण्याची भीती असते.

लिनक्समधील या कार्याचा इतिहास त्या आज्ञावलीच्या माथ्यावरच लिहिलेला आहे. पाया रसेल किंग यांनी २००३–०४ मध्ये घातला. एसडीची जोड इयन मोल्टन यांनी २००४ मध्ये दिली. २००५ ते २००८ या काळात पियेर ऑसमन यांनी ती वाढविली आणि सांभाळली. मल्टिमीडिया कार्डाची चौथी आवृत्ती फिलिप लँगडेल यांनी २००६ मध्ये बसविली. मंदिराच्या पायरीवर जीर्णोद्धार करणाराचे नाव कोरतात, तशी ही नावे आहेत.

दरम्यान चिपांच्या जगातही एक चांगली गोष्ट घडली होती. प्रत्येक कंपनीने रकान्यांची आपली निराळी मांडणी करण्याऐवजी एकच सर्वमान्य मांडणी एसडी असोसिएशनने ठरविली. तिला एसडीएचसीआय म्हणतात. तिला धरून चालणाऱ्या सगळ्या चिपांना एकच दुभाष्या पुरावा, ही कल्पना. ऑसमन यांनी लिहिलेला या मांडणीचा ड्रायव्हर २००६ च्या मध्यास लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. त्याच वर्षी असोसिएशनने आपल्या नियमांची एक संक्षिप्त आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. म्हणजे बहुतेक मुक्त ड्रायव्हर आधी तयार झाले आणि कागद मागाहून आले. तरीही त्या कागदांनी पुढचे काम पुष्कळ सोपे केले, हे कबूल केले पाहिजे. जेमायक्रॉन कंपनीने ऑसमन यांना चिपा आणि तांत्रिक साह्य दिले. त्याबद्दलचे आभारही त्या आज्ञावलीच्या माथ्यावर नोंदलेले आहेत.

सर्वमान्य मांडणी ठरली म्हणून सर्व चिपा शहाण्यासारख्या वागू लागल्या असे मात्र झाले नाही. या ड्रायव्हरमध्ये चिपांच्या खोडींची एक लांबलचक यादी आहे, आणि ती वाचताना हसू येते. एक चिप कार्ड आत नसताना मूळ स्थितीवर यावयास सांगितले तर बिघडते. दुसरी, घड्याळाच्या रकान्याला हात लावल्याखेरीज मूळ स्थितीवर येतच नाही. तिसरी, आपल्याला अमुक काम येत नाही असे सांगते आणि प्रत्यक्षात तिला ते उत्तम येते. आणखी एक चिप तर 'लिहिण्यास मनाई' आणि 'लिहिण्यास परवानगी' यांची अदलाबदल करून सांगते.

या शेवटच्या खोडीचे गांभीर्य ध्यानात यावे म्हणून एक गोष्ट सांगतो. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक बारीकशी खिट्टी असते. ती सरकविली की कार्डावर काही लिहिता किंवा पुसता येणार नाही, असे आपण समजतो. वास्तविक त्या खिट्टीचा कार्डाला पत्ताच नसतो. ती कोठे आहे ते खाच पाहते, चिप सांगते आणि मान द्यावयाचा की नाही ते ड्रायव्हर ठरवितो. लग्नाची छायाचित्रे असलेले कार्ड खिट्टी लावून आपण निर्धास्त होतो, तेव्हा आपला विश्वास या दुभाष्यावर असतो. असा दुभाष्या काय करतो हे निदान कोणाला तरी वाचून पाहता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उघडेपणाचा दुसरा लाभ बदलाच्या वेळी दिसतो. जुन्या एसडी कार्डात ३२ बिटांच्या जागेत बाइटाचा पत्ता लिहीत. त्यामुळे ४ जीबीच्या पलीकडे पत्ताच लिहिता येईना. २००६ मध्ये एसडीएचसी हा प्रकार आला. त्याच ३२ बिटांत आता एकेका बाइटाऐवजी ५१२ बाइटांच्या तुकड्याचा क्रमांक लिहू लागले आणि मर्यादा एकदम २ टीबीवर गेली. घरांना क्रमांक देण्याऐवजी आळ्यांना दिले, म्हणून तेवढ्याच आकड्यांत मोठे गाव मावले. जुने कॅमेरे आणि जुने रीडर ही नवी कार्डे ओळखीनात. ज्यांची आज्ञावली बंद होती त्यांच्या मालकांना कंपनीच्या मर्जीची वाट पाहणे भाग होते. आणि कंपनीचे लक्ष तर नवा माल खपविण्याकडे. मुक्त ड्रायव्हरमध्ये ही सुधारणा लवकरच झाली. चिप पुष्कळदा तीच होती. दुभाष्याला चार नवे शब्द शिकविले एवढेच.

कंपन्यांचे मनही हळूहळू पालटले. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००७ च्या जानेवारीत जाहीर केले की, ज्या कंपनीला लिनक्ससाठी ड्रायव्हर हवा असेल तिला तो विनामूल्य लिहून देऊ, आणि गरज पडल्यास गुप्ततेच्या कराराचीही अशी व्यवस्था करू की, कागद गुप्त राहतील आणि ड्रायव्हर खुला राहील. पुढे रियलटेक कंपनीने आपल्या कार्डरीडरांचे ड्रायव्हर स्वतःच दिले, आणि २०१३ पर्यंत ते गाभ्यात नीट बसले. २००८ पासून बाजारात आलेले अँड्रॉइडचे मोबाइल याच गाभ्यावर चालतात. त्यांतील पुष्कळांची आतली साठवण ईएमएमसी नावाची, म्हणजे जुन्या मल्टिमीडिया कार्डाचीच वंशज असते. तेव्हा या सभागृहातील अनेकांच्या खिशात, त्यांना ठाऊक नसताना, या मंडळींच्या लेखणीचे काम चालू आहे.

एवढ्याने सर्व दारे उघडली नाहीत. कार्डातील तुकडे वाचता आले तरी त्यांवर फाइलींची मांडणी कशी केली आहे हे कळावे लागते. २००९ मध्ये आलेल्या एसडीएक्ससी कार्डांसाठी मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट ही मांडणी नेमण्यात आली. ती २००६ मधली आणि तेव्हा बंदिस्त. २०१३ मध्ये सॅमसंगने आपला एक्सफॅट ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये तिचे नियम खुले करून लिनक्समध्ये तिचा समावेश करण्यास संमती दिली, आणि २०२० मध्ये सॅमसंगचा सुधारलेला ड्रायव्हर गाभ्यात आला. कार्ड बाजारात आल्यापासून या दारासाठी अकरा वर्षे लागली.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, कंपनीने पैसा ओतून चिप केली. तिची गुपिते तिने का सांगावीत? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. शोधाचा मोबदला शोधकाला मिळाला पाहिजे. परंतु चिप आतून कशी घडविली हे एक, आणि तिला आज्ञा कशी द्यावयाची हे दुसरे. घड्याळजीने आपली कारागिरी राखावी. काटे कसे वाचावेत हे मात्र ग्राहकास सांगावे. दुसरा आक्षेप कुलपाचा. मुक्त ड्रायव्हरांनी संगीताच्या त्या कुलपाला हात लावलेला नाही; कुलूप नसलेला भाग वाचता यावा एवढेच त्यांचे मागणे होते, आणि आपली छायाचित्रे असतात ती त्याच भागात.

उघडेपणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रत्येक कार्डाच्या आत एक छोटासा संगणक असतो आणि त्याची आज्ञावली अद्याप बंदच आहे. २०१३ मध्ये जर्मनीतील केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अँड्र्यू हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी काही कार्डांतील ही आज्ञावली बदलता येते असे दाखवून दिले. म्हणजे दुभाष्या प्रामाणिक असला तरी पलीकडचा खोटे बोलू शकतो. शिवाय मुक्त आज्ञावलीलाही वाली लागतो. लिहिणारा थकला आणि दुसरा पुढे आला नाही, तर तिला गंज चढतो.

हे सगळे आपल्या घरापर्यंत येऊन पोचते ते असे. अनेकांच्या कपाटात वीस वर्षांपूर्वीचे एखादे एक्सडी कार्ड किंवा मेमरी स्टिक पडलेले असेल. त्यावर आजोबांची शेवटची छायाचित्रे असतील, एखाद्या संस्थेच्या समारंभाची असतील. त्या कार्डांचा व्यवसाय संपला, नव्या यंत्रांसाठी त्यांचे ड्रायव्हर लिहिण्यात कोणत्याही कंपनीला फायदा उरला नाही. आपल्याकडे मोडीतल्या कागदांचे असेच झाले. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे मात्र विरळ. तरीही मोडीची अक्षरे कोणी कुलपात ठेवलेली नव्हती, म्हणून इच्छा असेल तो आजही ती शिकतो. कार्डाची अक्षरे कुलपात राहिली तर तेवढीही आशा नाही. आणि येथे शाईसुद्धा टिकाऊ नाही. कोठडीतला भार वर्षानुवर्षे हळूहळू पाझरत असतो.

म्हणून श्रोत्यांस तीन विनंत्या. जुनी कार्डे असतील तर ती वाचता येतात तोवर त्यांच्या नकला करून ठेवा, आणि त्या एकाहून अधिक ठिकाणी ठेवा. शाळा, ग्रंथालय किंवा बँक यांच्यासाठी यंत्रे घेण्याचा अधिकार आपल्यापैकी ज्यांच्याकडे असेल त्यांनी, याचा ड्रायव्हर मुक्त आहे काय, हा एक प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. अनेकांनी विचारला की त्याची दखल घेतली जाते. आणि येथे जी तरुण मुले-मुली आहेत, त्यांनी या आज्ञावली उघडून वाचाव्यात. त्या वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क पडत नाही. घरातल्या एखाद्या रीडरची नवी खोड सापडली तर ती नीट लिहून त्या ड्रायव्हरच्या सांभाळकर्त्यांकडे पाठवा. खोडींची ती लांबलचक यादी अशाच कोणी कोणी पाठविलेल्या टिपणांतून वाढलेली आहे, आणि तिच्यात अजून जागा आहे.